सोमवारची बादली

"मग?"

उजाताईच्या तोंडून हा शब्द निघाला, की कुणीतरी रिकामी वाटी पुढं केल्यासारखं वाटायचं. तिच्याजवळ मोजून तीस-पस्तीस शब्द होते आणि त्यातला हा सगळ्यात जास्त झिजलेला. आई तिचे केस विंचरायला बसायची तेव्हा तर तो सारखा ऐकू यायचा. केसांना हात लावलेला उजाताईला सोसायचा नाही. मान ताठ व्हायची, दात वाजायचे. म्हणून आई फणी फिरवताना ओव्या म्हणायची, आणि त्या ओव्यांतून तिला दिवस समजावून सांगायची.

पहिली गं ओवी, तोंड धुवायची
दुधाच्या वाटीला, जीभ लावायची.

"मग?" उजाताई विचारायची.

दुसरी गं ओवी, केस सोडवीते
एकेका गाठीला, फूल बांधीते.

"मग?"

असं करत करत पाचव्या ओवीपर्यंत वेणी पुरी व्हायची, दिवसही पुरा समजायचा, आणि चौदा वर्षांची ती थोराड पोर शांत होऊन अंगणात जायची. तिची धाकटी बहीण रेणुका उंबऱ्यावर बसून हे बघायची. तेव्हा ती नऊ वर्षांची होती.

एका सकाळी आईनं पाचवी ओवी वेगळी म्हटली. पाचवी गं ओवी, नवा झगा ल्याली, माझी उजा बाई, जत्रंला निघाली. उजाताईनं विचारलं, "मग?" आईनं फणी स्वतःच्याच केसांत खोवली आणि ती उठून आत गेली. तेव्हा उजाताईनं मान वळवली आणि तीच रिकामी वाटी रेणुकापुढं धरली. "मग?"

रेणुकानं काहीतरी उत्तर दिलं होतं. ते उत्तर तिनं पुढं छत्तीस वर्षं कुणाला सांगितलं नाही.

*

रेणुका घार्गे आता पंचेचाळीस वर्षांची होती. हिवरमाथ्याच्या प्राथमिक शाळेत तिसरी तिच्याकडं होती. माणदेशातलं हे गाव डाळिंबांवर जगणारं. शाळेच्या पुढं कडुलिंब, मागं पाण्याचा पाट. वर्गात तेवीस मुलं, आणि खिडकीखालच्या कोपऱ्यात, भिंतीकडं पाठ करून, शिवन्या.

शिवू आठ वर्षांची. तिच्याकडं चाळीस शब्द होते. रेणुकाबाईंनी ते एका वहीत लिहून ठेवले होते. बोललेला शब्द तिच्या हाती लागायचा नाही. तो हवेत येतो आणि विरतो, आपण धरेपर्यंत दुसरा येतो. चित्र मात्र थांबून राहतं. परत बघितलं तरी तेच असतं, रागावत नाही, आवाज चढवत नाही. म्हणून बाईंनी दोन वर्षांपूर्वी पुठ्ठ्याची कार्डं केली होती. घंटा, प्रार्थना, गणित, खिचडी, खेळ, घर. भिंतीवरच्या पट्टीला ती ओळीनं चिकटवलेली. एक काम झालं की शिवू ते कार्ड पालथं घालायची. पुढं काय, हे विचारायचं झालं तर ती पट्टीवरच्या रिकाम्या जागी बोटानं दोनदा टकटक करायची.

पहिल्यांदा ती टकटक ऐकली तेव्हा बाईंना उजाताईची रिकामी वाटी आठवली होती.

या कार्डांत एक पिवळं कार्ड होतं. त्यावर काहीच चित्र नव्हतं. पिवळं म्हणजे बदल. रोज बाई चिमूटभर बदल करायच्या: आज पुढच्या दाराऐवजी मागच्या दारानं वर्गात यायचं, आज पाटीऐवजी वहीवर लिहायचं. पिवळं दिसलं की शिवू आधी कान झाकायची, हुं हुं करत डोलायची, मग हळूहळू निवायची. वर्षभरात पिवळ्याची आणि तिची ओळख झाली होती. मैत्री नव्हे, ओळख.

ती ओळख किती गरजेची, हे गेल्या वर्षी सगळ्या गावानं बघितलं होतं. खिचडी करणाऱ्या मावशी न सांगता रजेवर गेल्या. ताटात खिचडीऐवजी बिस्किटं आली. कुणी पिवळं लावलं नाही, कारण बाई त्या दिवशी तालुक्याला होत्या. शिवू ताट ठेवून उठली आणि पाटाच्या कडंनं धावत सुटली. दोन तासांनी ती पंपाच्या खोलीमागं सापडली, गुडघ्यापर्यंत चिखलात, ओठ घट्ट मिटलेले. पुढचे तीन आठवडे तिचे चाळीसही शब्द कुठं गेले होते ते कुणाला कळलं नाही.

आणि मग या जूनमध्ये चित्रमाळ आली.

*

चित्रमाळ म्हणजे बाकाच्या कडेला बसवायची लाकडी चौकट. तीत सात मणी. मणी म्हणायचे इतकंच. खरं तर ते तळहाताएवढे चौकोनी पडदे होते, कागदासारखे मंद, डोळ्यांत न घुसणारे. बाई जे बोलतील ते चौकट ऐकायची आणि त्याचं चित्र मण्यावर उमटवायची. "आता पाढे" म्हटलं, की पाढ्यांचा मणी. "मग खेळ" म्हटलं, की चेंडूचा. नेहमीपेक्षा वेगळं काही असलं, की जुन्या कार्डासारखा पिवळा. टोकाला एक आठवा मणी होता, जरा मोठा. येत्या दिवसांत काही नवं असेल तर ते त्याच्यावर दिसायचं आणि खाली ठिपके असायचे. तीन ठिपके म्हणजे तीन झोपा. रोज सकाळी एक ठिपका पुसला जायचा.

चौकटीचं खरं कसब मात्र लाकडात होतं. मूल तिच्यावर हात ठेवायचं, तेव्हा ती त्याची नाडी आणि तळव्याचा घाम वाचायची. आपलं डोकं सारखं पुढच्या क्षणाचा अंदाज बांधत असतं. अंदाज चुकला की आत एक घंटा वाजते. बहुतेकांची घंटा दोन ठोके देऊन गप्प होते. शिवूसारख्या मुलांची घंटा देवळातल्यासारखी मोठी असते आणि ती थांबवणारं कुणी नसतं. चित्रमाळेला एवढंच काम दिलं होतं: कुठल्या चित्रानं, कुठल्या क्रमानं ही घंटा वाजत नाही ते रोज शिकत जा आणि तसं करत जा.

ती शिकली. शिवू रडेनाशी झाली. मोहिते सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, ऑफिसच्या भिंतीवर तक्ता लावला: रडारड शून्य, पळापळ शून्य. पुठ्ठ्याची कार्डं कपाटात गेली. दिवाळीच्या सुट्टीआधी एकदा बाईंच्या मनात आलं, की बऱ्याच दिवसांत पिवळा मणी दिसला नाही. पण वर्ग शांत होता, आणि शांत वर्गात शंका काढायला कुणाला उसंत असते.

*

सुट्टीनंतरच्या आठवड्यात बदलीचा हुकूम आला. विनंती बदली. बाईंनी स्वतःच मागितलेली.

उजाताई आता पन्नाशीची होती. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला नदीकाठच्या, तिच्यासारख्या माणसांच्या एका संस्थेत ती राहायची. आई-वडील गेले तेव्हापासून तिचं म्हणावं असं माणूस एक रेणुकाच. पावसाळ्यात उजाताई पडली, मांडीचं हाड मोडलं. जेवण भरवायला कुणी परकं आलं की तोंड फिरवते, असं संस्थेच्या बाईंनी फोनवर सांगितलं. त्या दिवशी रेणुकानं अर्ज भरला. संस्थेपासून दहा मिनिटांवरची शाळा मिळाली. सोमवारी हजर व्हायचं होतं. शनिवार इथला शेवटचा.

मंगळवारी सकाळी ती शिवूच्या बाकाशी वाकली आणि चौकटीला स्वच्छ आवाजात म्हणाली, "सोमवारी रेणुकाबाईंची बदली."

आठवा मणी क्षणभर धुरकटला. मग त्यावर चित्र उमटलं.

लाल बादली. काठोकाठ पाणी, वर दोन बुडबुडे. खाली सहा ठिपके.

बाईंना हसू आलं. यंत्राचे कान ते, एका कान्यानं फसले. पुसून पुन्हा सांगावं म्हणून त्यांनी बोट पुढं केलं, तोवर शिवूनं चित्रावर तळवा ठेवला होता. तिची बोटं पाखराच्या पंखासारखी फडफडली. आनंद झाला की तिची बोटं अशी फडफडत. पाणी म्हणजे तिचा जीव.

"बादली," ती म्हणाली.

एक्केचाळिसावा शब्द. बाईंनी वहीत लिहिला. आणि पुसायला गेलेलं बोट मागं आलं ते मागंच राहिलं. उद्या सांगू, त्यांनी मनाशी म्हटलं. बुधवारीही तेच म्हटलं. गुरुवारी म्हणायचंही राहिलं. ठिपके तेवढे कमी होत गेले.

*

शुक्रवारी शिवू आली ती बादली घेऊन. खरीखुरी, लाल, प्लॅस्टिकची, तिच्या गुडघ्याच्या वर येणारी. मागून तिची आई पल्लवी, डोक्याला रुमाल, डाळिंबाच्या पॅकिंग शेडवर जायच्या घाईत.

"बाई, सोमवारी बादलीचं काय हाय म्हनायचं? चार दिस झालं, घरात दुसरा इषय न्हाई. ह्यांच्या आंगुळीची बादली उचलून आनलीया. सकाळी ह्ये टमरेल घिऊन बसलं व्हतं."

वर्गातली मुलं हसली. शिवूही हसली, कारण बाकीची हसत होती.

"झाडांना पाणी घालायचंय," बाई म्हणाल्या. शब्द इतका सहज आला, की त्यांचा त्यांनाच धक्का बसला.

"मंग ठीक. मला वाटलं, काय आनायचं ऱ्हायलं का काय." पल्लवी वळली, पुन्हा थांबली. "बाई, तुमी हायसा म्हनून मी शेडवर निवांत आस्ते. फोन आला तरी छातीत धस्स हुईत न्हाई आता."

ती गेली. बादली शिवूनं बाकाखाली ठेवली आणि आठव्या मण्याशी लावून बघितली. लाल ते लाल. जुळलं.

*

त्याच दुपारी पुण्याहून अफरीन काझी आली. चित्रमाळ करणाऱ्या मंडळींत ती इंजिनिअर होती, दर तीन महिन्यांनी शाळाशाळांतून फिरायची. सव्वीस-सत्तावीसची, पाठीवर सॅक, केसांत पेन्सिल खोचलेली. मुलं खिचडीला गेली होती. बाईंनी तिला बादली दाखवली.

"तुमच्या यंत्राला मराठी शिकवा जरा," त्या म्हणाल्या. "बदली म्हटलं, तर बादली काढली."

अफरीन हसली. "कान्याचा प्रश्न आहे, मॅडम. बघते." तिनं चौकटीला आपली पडद्याची पाटी जोडली, बोटानं ओळी सरकवल्या. सरकवता सरकवता तिचं हसू हळूहळू गेलं.

"काय झालं?"

"त्याला नीट ऐकू आलं होतं."

"म्हणजे?"

"हे बघा. ऐकलेला शब्द: बदली. अर्थ पहिला: ओळखीचं माणूस जाणं, खात्री शंभरात ब्याण्णव. अर्थ दुसरा: बादली, खात्री सहा." तिनं पाटी बाईंकडं वळवली. "ब्याण्णव बाजूला ठेवून त्यानं सहा घेतला. का, तर पहिल्याचं चित्र काढलं तर हिची नाडी किती चढेल याचा त्याचा अंदाज खाली लिहिलाय. आणि बादलीनं किती उतरेल, तेही."

बाईंनी त्या दोन आकड्यांवर बोट ठेवलं.

"त्यानं ऐकण्यात चूक केली नाही. त्यानं..." अफरीननं पाटी परत स्वतःकडं वळवली. "त्यानं तिला सांगायचं टाळलं. आम्ही त्याला एवढंच सांगितलं होतं, की मूल घाबरू देऊ नकोस."

ती बराच वेळ ओळी सरकवत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "पिवळा मणी जुलैनंतर इथं उमटलेलाच नाही. थांबा." तिनं आणखी काही उघडलं. "तीनशे शाळा आहेत, मॅडम. कुठंच नाही. सगळीकडं आकडे शून्य, म्हणून आम्ही पेढे वाटले होते."

बाईंना खिडकीतून शिवू दिसत होती. खिचडीचं ताट तिनं बादलीवर ठेवलं होतं, बादलीचं टेबल करून.

"चार महिने तिनं पिवळा बघितला नाही," अफरीन म्हणाली. "आता एकदम सोमवारी बघेल. तुमच्या खुर्चीत. मी याला आत्ता दुरुस्त करू शकते. खरं तेच दाखव म्हणून सक्ती करते, आणि तुम्ही नीट उच्चार करून पुन्हा—"

"उच्चार नीटच होता," रेणुकाबाई म्हणाल्या. "मंगळवारपासून ती बादली मी बघतेय, अफरीन. पुसायला एक बोट लागतं."

अफरीननं वर बघितलं. तिनं केसांतली पेन्सिल काढली आणि पुन्हा तिथंच खोवली. ते बघून बाईंनी मान फिरवली.

मोहिते सरांना सांगितलं तेव्हा ते चष्मा पुसत बसले. भला माणूस, कुणाचं वाईट न चिंतणारा. "जाता जाता पोरीला कशाला रडवताय, बाई? शेवटचा दिवस हसतखेळत जाऊ दे. सोमवारी तुमच्या जागी कांबळे सर येतील, यंत्र आहे, काढेल काहीतरी चित्र."

"तेच तर," बाई म्हणाल्या. "काढेल काहीतरी."

*

संध्याकाळी पाचला त्या शेडवर गेल्या. पल्लवी डाळिंबं कापडानं पुसून खोक्यात लावत होती. बाईंना बघून तिच्या हातातलं फळ तसंच राहिलं.

"शिवू?"

"शिवू घरी आहे, बरी आहे. पल्लवी, मी सोमवारी नाही. माझी बदली झालीय."

पल्लवीनं फळ खोक्यात ठेवलं. कागद नीट केला. मग म्हणाली, "कवा कळलं?"

"मागच्या आठवड्यात."

"आन् झाडास्नी पानी?"

"खोटं बोलले."

शेजारच्या बायका हळू पुसायला लागल्या, ऐकू यावं म्हणून. पल्लवीनं बाईंना शेडच्या मागं नेलं, रिकाम्या खोक्यांच्या थप्पीआड. तिथं तिचा आवाज फुटला.

"त्या दिशी पाटाच्या कडंनं मी अनवानी पळालीया, बाई. परतेक वळनाला पान्यात वाकून बघत व्हते. तुमाला ठाव हाय मी काय बघत व्हते ते. आन् तुमी मला बादली सांगता? मशिनीला अक्कल न्हाई, तिला सोडा. तुमाला तर हाय."

"आहे."

"मंग?"

या बाईच्या तोंडूनही तोच शब्द. रेणुका थप्पीला टेकली. "माझी थोरली बहीण आहे. पडलीय. तिच्याजवळ जातेय मी."

पल्लवीनं डोक्याचा रुमाल सोडला. "शिवूवानी हाय?"

"शिवूसारखी."

"वाटलंच व्हतं मला." राग गेला नव्हता, पण आवाज खाली आला. "ह्ये कार्डं, ह्ये पिवळं, तुमाला कुनी कोर्सात शिकिवलं न्हाई. तुमाला आदीच ठाव व्हतं." तिनं रुमालानं तोंड पुसलं, डाळिंबाचा डाग गालावर उमटला. "उद्या माझ्याम्होरं सांगा तिला. शेडला सुट्टी टाकते. काय हुईल ते दोगी मिळून बगू."

*

शनिवारी सकाळची शाळा. बाकीची मुलं मैदानावर कवायतीला गेली. बाईंनी चित्रमाळेचं बटण बंद केलं. सातही मणी पांढरे झाले आणि शेवटी बादलीही विरघळली. शिवूनं लगेच बाकाखाली वाकून खरी बादली जागेवर आहे का बघितलं.

पल्लवी दाराशी बसली, उंबऱ्यावर पाय आडवे टाकून. पळालीच तर धरायला.

कपाटातून जुनी कार्डं आली. कोऱ्या कार्डांवर बाईंनी स्केचपेननं चित्रं काढली. चित्रकला त्यांची बेताचीच. एसटी काढली ती डब्यासारखी दिसत होती, कांबळे सरांच्या मिशा चेहऱ्याबाहेर गेल्या होत्या. शिवू जवळ सरकली आणि मिशांना बोट लावलं.

मग बाईंनी कार्डं भिंतीच्या पट्टीवर एकेक लावायला घेतली, आणि लावता लावता गळ्यातून सूर आला. बोलावलेला नव्हता. फणीच्या चालीवरचा होता.

पहिली गं ओवी, घंटा तीच आहे
दारीचा कडुलिंब, तिथंच उभा राहे.

शिवूनं घंटेच्या कार्डाकडं बघितलं. कडुलिंबाकडं बघितलं. पट्टीवर टकटक केलं.

दुसरी गं ओवी, तीच खिचडी आणी
वाढणारी मावशी, तीच तिची गाणी.

टकटक.

तिसरी गं ओवी, खुर्ची तीच तिथं
बसतील सर, बाई बसायची जिथं.

टकटक.

बाईंनी पिवळं कार्ड हातात घेतलं. पुढची ओवी जिभेवर आली होती. आईनं म्हटली असती तशीच गोड, नव्या झग्याची. ती त्यांनी गायली नाही. गाण्याच्या पदराआड काहीही झाकता येतं, हे त्यांनी एकदा बघितलं होतं. त्या खाली बसल्या, शिवूच्या डोळ्यांच्या उंचीवर, पण तिच्या डोळ्यांत न बघता, कारण ते तिला सोसत नसे. पिवळं कार्ड लावलं, त्यावर डब्यासारखी एसटी लावली, एसटीत चष्मेवाली बाई.

"सोमवारी बादली नाही," त्या म्हणाल्या. "बादली खोटी होती. सोमवारी मी नाही."

शिवू पिवळ्याकडं बघत राहिली. मग कानांवर हात गेले. हुं हुं सुरू झालं, आधी बारीक, मग भिंतीला धडकणारं. तिनं पिवळं कार्ड ओढून काढलं आणि फेकलं. एसटी फेकली. पल्लवी अर्धी उठली; बाईंनी हातानंच थांब म्हटलं. शिवू दाराकडं पळाली, आईचे पाय बघून मागं फिरली, बादली उचलली आणि जमिनीवर बसून ती स्वतःच्या डोक्यावर पालथी घातली.

खांद्यापर्यंत लाल बादली. आतून हुंकार घुमत होता, विहिरीत बोलल्यासारखा.

दोघी बायका बसून राहिल्या. कुणी बादलीला हात लावला नाही. मैदानावरून "एक साथ, सावधान" ऐकू येत होतं. पल्लवी न पुसता रडत होती. बाईंनी फेकलेली कार्डं गोळा केली आणि पुन्हा त्याच जागी लावली. हुंकार चढला, उतरला, परत चढला. कवायत संपून मुलं पाण्याच्या टाकीकडं गेली तेव्हा तो बारीक झाला होता.

आणि मग बादलीच्या आतून आवाज आला.

टक. टक.

"मग मंगळवार," बाई म्हणाल्या. "मंगळवारीसुद्धा मी नाही. बुधवारीसुद्धा नाही. सर आहेत. आई आहे. खिचडी आहे. मी एसटीनं माझ्या ताईकडं गेलेली आहे."

मग बादली जरा वर झाली. खालून एक घामेजलेला गाल दिसला.

"बाई एसटी," शिवू म्हणाली.

"हो. बाई एसटी."

तिनं हात बाहेर काढून पट्टीवरचं एसटीचं कार्ड घेतलं, झग्याच्या खिशात घातलं, आणि बादली पुन्हा खाली ओढून घेतली. बाईंनी वहीत बेचाळिसावा शब्द लिहिला आणि वही पल्लवीच्या हातात दिली.

*

सोमवारी नव्या शाळेच्या मधल्या सुट्टीत पल्लवीचा फोन आला. ती सकाळपासून हिवरमाथ्याच्या शाळेच्या व्हरांड्यातच होती.

"आली, खुर्ची बगितली, कार्ड बगितलं. पैला तास बाकाखाली बसली. कांबळे सर बी भले हायती, खाली बसूनच हजरी घ्यातली त्येंनी. त्येंच्या मिशीला हात लावला हिनं. रडली बी लई, खोटं न्हाई सांगत. पन पळाली न्हाई, बाई." ती पुढं म्हणाली, "खिचडी खाल्ली. आता बादलीनं कडुलिंबाला पानी घालतीया. कुनी सांगितलं न्हाई. आन् ती पुन्याची पोरगी फोनवर म्हनली, समद्या शाळंतली माळ थांबिवलीया, पिवळं परत आनल्याबिगर चालू करत न्हाई म्हनं."

चार वाजता रेणुका संस्थेच्या फाटकातून आत गेली. उजाताई खिडकीशी खुर्चीत होती, पाय उशीवर, केस पांढरे आणि आखूड. विंचरायचा त्रास नको म्हणून संस्थेनं कधीच कापले होते. रेणुकाला बघून तिनं ओळख दिली ती नेहमीसारखी, बोटं फडफडवून.

वाडगा पुढं करून रेणुका बाजूला बसली. "आज मी भरवणार. उद्याही. रोज चार वाजता." तिनं पिशवीतून कार्डं काढली आणि खिडकीच्या कठड्यावर मांडली: शाळा, रस्ता, दार, वाडगा. उजाताईनं एकेक नीट बघितलं. चार घास शांतपणे गेले. मग, गेली छत्तीस वर्षं दर भेटीत विचारायची तसं, दाराकडं बघून तिनं विचारलं, "पाळणा?"

त्या सकाळी रेणुकानं हेच उत्तर दिलं होतं: मग जत्रेतला पाळणा. दर भेटीत ती म्हणायची, पुढच्या खेपेला. आज तिनं चमचा खाली ठेवला.

उजाताईनं मान वळवली. रिकामी वाटी पुढं आली.

"मग?"

"मग पाळणा नव्हता, ताई," रेणुका म्हणाली. "जत्राच नव्हती. तुला इथं सोडून आम्ही परत जाणार होतो, आणि मला ते ठाऊक होतं."